सदैव बिम्यूज्ड

जावईबापूंना तो शब्द दातांच्या डॉक्टरकडे भेटला.

दाढ काढायची होती. आतल्या खोलीत दुसऱ्या कुणाची तरी दाढ निघत होती आणि तिचा मालक ते काम गुपचूप होऊ देत नव्हता. अशा वेळी माणूस हाताला लागेल ते वाचतो. टीपॉयवर जुनी इंग्रजी मासिकं पडली होती. त्यातल्या एकात पानभर फोटो होता. तळ्याकाठी हनुवटीला हात लावून एक बाई बसली होती, पाण्यात होड्या होत्या, आणि होड्यांकडे पाहत ती गालातल्या गालात हसत होती. निदान जावईबापूंना तसं वाटलं. फोटोखाली एक ओळ होती, ती एवढंच सांगत होती की ही बाई बिम्यूज्ड होऊन होड्या बघते आहे.

जावईबापूंनी शब्द मनातल्या मनात म्हणून पाहिला. ओठ आधी अलगद मिटतात, मग पुढे येतात आणि शेवटी जीभ अशी टेकते की होडी हळूच काठाला लागावी. डॉक्टरांनी आत बोलावलं, सुई टोचली, दाढ काढली, कापूस भरला. जावईबापू तेवढा वेळ तळ्याकाठीच होते. डॉक्टर नर्सला म्हणाले, "इतका शांत पेशंट मी पाहिला नाही." नर्स म्हणाली, "मला वाटतं त्यांना भूल जरा जास्त झालीय."

त्यांना जावईबापू म्हणायचं कारण सरळ होतं. ही कॉलनी मुळात त्यांच्या सासऱ्यांची. सासरे शाळेत इंग्रजी शिकवायचे. कॉलनीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी बाकावर उभं केलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांच्या आईवडिलांना. सारे जण त्यांना सर म्हणत. सरांच्या मुलीशी लग्न करून हे गृहस्थ कॉलनीत राहायला आले, तेव्हा सेक्रेटरीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी त्यांचं एकच नाव मुक्रर केलं. त्यांचं स्वतःचंही काही नाव होतं, पण ते लाइटबिलावरच राहिलं. स्वतः जावईबापूही सासऱ्यांना सरच म्हणत.

लग्नाआधी पहिल्यांदा घरी आले तेव्हा सरांनी इंग्रजीत विचारलं, घरी कोण कोण असतं. हे म्हणाले, "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स." सरांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "सध्या चालू आहे का? संपल्यावर किती राहतील?" तेव्हापासून जावईबापू सरांसमोर इंग्रजीत शिंकतसुद्धा नसत. लग्नात सरांनी जाडजूड डिक्शनरी दिली, पहिल्या पानावर फक्त ‘वापरा’ असं लिहून. त्या आज्ञेचा धाक इतका की जावईबापूंनी ती कधी उघडलीच नाही.

त्यामुळे नवा शब्द त्यांनी पडताळून पाहिला नाही, नुसता जवळ ठेवला. भूमापन ऑफिसात ते ड्राफ्ट्समन होते. नकाशात नदी काढता काढता ते तिच्यातून वाहत निघत आणि जेवणाची सुट्टी संपल्यावर परत येत. आता या प्रवासात शब्दाची सोबत झाली. खिडकीतलं मांजर बिम्यूज्ड दिसे. दुपारचे ढग तर उघडच बिम्यूज्ड होते. आणि सगळ्यात बिम्यूज्ड कोण, तर सर. बायको गेल्यापासून ते समोरच्या इमारतीत एकटे राहत, जेवायला लेकीकडे येत. हल्ली ते गॅलरीत बसून रस्त्याकडे पाहत राहायचे, चेहऱ्यावर एक हलकं, लांबचं हसू. कुणी चुकीचं इंग्रजी बोललं तरी दुरुस्त करत नसत. कॉलनी म्हणे, वयाबरोबर माणूस निवळला. जावईबापूंना मासिकातली बाई आठवे.

सर ऐंशीचे व्हायचे होते. जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की रस्त्यापलीकडच्या नगरपालिकेच्या बागेत, मोठ्या झाडाखाली, सरांच्या नावाचा एक बाक ठेवायचा आणि त्याच्या पाठीवर पितळी पाटी लावायची. पाटीवर अर्थातच इंग्रजी वाक्य. इथे सगळा उत्साह अडला. सर वाचणार असलेलं इंग्रजी वाक्य लिहायचं कुणी? सेक्रेटरींचा स्वतःचा मोठा कारखाना होता, दोनशे माणसं त्यांच्यापुढे चळचळ कापत. पण सरांच्या वर्गात ते तीन वर्षं शेवटच्या बाकावर होते. ते म्हणाले, "मी लाकूड देतो. वाक्य देणार नाही." वरच्या मजल्यावरचे वकील एक मसुदा देऊन कोर्टात निघून गेले होते. त्याची सुरुवात ‘सदर वस्तू, यापुढे जिला बाक असे संबोधले जाईल’ अशा अर्थाची होती आणि ती मावेल एवढी पाटी लावायची तर बाकाला पाठ नव्हे, भिंत लागली असती. तळमजल्यावरच्या काकूंच्या मते नुसतं ‘वेलकम’ पुरे होतं. कुठेही चालतं, कुणाला राग येत नाही.

"अक्षर तर जावईबापूंचं सुरेख आहे," सेक्रेटरी म्हणाले. "वाक्यही त्यांनीच लिहावं. घरचं माणूस आहे, सर त्यांना काय करणार?"

सर काय करतात ते जावईबापूंना ठाऊक होतं. पण त्या घटकेला जिन्याच्या खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, त्यात धुळीचे कण सावकाश तरंगत होते, आणि त्यांच्या तोंडून वाक्य असं निघालं की जणू ते तिथेच तरंगत होतं: "हिअर सिट्स अवर सर, ऑल्वेज बिम्यूज्ड."

वाक्य छोटं होतं, तालात होतं आणि शेवटचा शब्द कुणालाच येत नव्हता, म्हणजे ते सरांच्या तोलाचं होतं. "भारदस्त आहे," सेक्रेटरी म्हणाले. "म्युझियमसारखं वाटतं." काकूंनी अर्थ विचारला. जावईबापू म्हणाले, "म्हणजे असं… मनातल्या मनात प्रसन्न." काकूंना ते पटलं.

पुढचे काही दिवस जावईबापू फार सुखात होते. त्यांनी एकेक अक्षर आखून दिलं, पितळेवर ते जसंच्या तसं उतरलं, बाक तयार होऊन झाडाखाली बसला. कार्यक्रम रविवारी सकाळचा ठरला. त्याआधी एका संध्याकाळी ते बाकासमोर उभे राहून आपलं काम पाहत असताना वकील कोर्टातून परतता परतता थांबले, पाटी वाचली, पुन्हा वाचली.

"धाडस केलंत," वकील म्हणाले. "सासऱ्यांबद्दल असं लिहायला छाती लागते."

"त्यात धाडस कसलं? मला जसे दिसले तसं लिहिलं."

"ते खरं हो. पण पितळेवर? मागे मी एका साक्षीदाराला हाच शब्द वापरला, तर समोरच्या वकिलांनी हरकत घेतली."

"हसऱ्या माणसाला हसरा म्हटलं तर हरकत कसली?"

वकिलांनी त्यांच्याकडे कणवेनं पाहिलं. अशील हरणार हे आधी कळलं की वकील असं पाहतात. "हसरा तो अम्यूज्ड. हा बिम्यूज्ड. बिम्यूज्ड म्हणजे गोंधळलेला, भांबावलेला. आपण कुठे आहोत, काय चाललंय ते न समजणारा."

जावईबापू घरी गेले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ती डिक्शनरी उघडली. डिक्शनरी वकिलांच्या बाजूनं होती.

आता नुसतं मराठीत वाक्य वाचून पाहिलं तरी घाम फुटत होता. इथे आमचे सर बसतात, सदैव भांबावलेले. ज्या माणसानं अर्ध्या गावाला स्वल्पविराम कुठे द्यायचा ते शिकवलं त्याच्या ऐंशीव्या वाढदिवसाला ही भेट, आणि तीही जावयाच्या वळणदार अक्षरात. बायकोनं विचारलं, "अहो, काय शोधताय एवढं?" जावईबापू म्हणाले, "काही नाही. वापरतोय."

सकाळी ते स्क्रूड्रायव्हर घेऊन बागेत गेले. पाटीच्या स्क्रूंची डोकी घासून गुळगुळीत केलेली होती. पितळ चोरीला जाऊ नये म्हणून बागेचा तसा नियमच होता, आणि तो नियम जिवंत ठेवायला एक रखवालदार होता. त्यानं शिट्टी मारली. "बाक बागेत आला की बागेचा झाला. हात लावायचा तर उद्यान विभागाची परवानगी आणा."

उद्यान विभाग नगरपालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर होता. तिथले अधिकारी एका कुंडीतल्या मरू घातलेल्या रोपाला पाणी घालत होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे स्पेलिंग चुकलंय?"

"नाही, स्पेलिंग बरोबर आहे. अर्थ चुकलाय."

"स्पेलिंग चुकलं असतं तर लगेच दुरुस्तीत बसवलं असतं," अधिकारी हळहळले. "अर्थ आमच्याकडे येत नाही."

"कुणाकडे येतो?"

अधिकाऱ्यांनी बराच विचार केला. प्रश्न त्यांना मनापासून आवडलेला दिसला. "तसं पाहिलं तर कुणाकडेच नाही," ते म्हणाले. "नवीन पाटीचा प्रस्ताव द्या. समिती बसेल तेव्हा घेऊ."

"समिती कधी बसते?"

"बाक रिकामा असला की," अधिकारी म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर इतके खूश झाले की पुढचं काही बोललेच नाहीत.

वकिलांखेरीज ही गोष्ट जावईबापूंनी फक्त काकूंना सांगितली होती. वकील म्हणाले, काही करू नका, गुन्हा पाहणारा साक्षीदार नसेल तर गुन्हा झालाच नाही. हा शब्द कॉलनीत कुणाला येतो? जावईबापू म्हणाले, सरांना येतो. काकूंनी सुचवलं की पाटीवर वेल चढवावी. कुठली वेल रविवारपर्यंत चढते ते मात्र त्या सांगू शकल्या नाहीत. शेवटी जावईबापूंना स्वतःलाच युक्ती सुचली. शब्दाच्या सुरुवातीची बी आणि ई ही दोन अक्षरं रंगाऱ्याकडच्या लांबीनं बुजवायची आणि त्यावर काळ्या रंगानं ए काढायचा. बिम्यूज्डचं अम्यूज्ड. सदैव हसणारे सर. सर्कशीतल्या विदूषकासारखं वाटत होतं, पण भांबावलेल्यापेक्षा बरं.

शनिवारी दुपारी रखवालदार डुलकी घेत असताना ते बाकासमोर गुडघ्यांवर बसले. हात कसलेला होता, दोन्ही अक्षरं सफाईनं बुजली. लांबी जरा सुकायला हवी होती. झाडाची सावली पाटीवर हलत होती, पानांमधून उन्हाचे कवडसे पितळेवर येत आणि जात. जावईबापू त्यांच्याकडे पाहू लागले. थोड्या वेळानं ते नकाशातल्या एका नदीच्या वळणावर पोचले, तिथे पाणी संथ होतं, आणि काठावर कुणी काही विचारत नव्हतं.

"छान झालाय हो बाक," सेक्रेटरींचा आवाज आला. "पाठही आरामशीर आहे." ते उद्याची तयारी बघायला आले होते आणि पांढऱ्याशुभ्र शर्टानिशी पाटीला रेलून बसले होते.

जावईबापू तोंड उघडेपर्यंत ते उठलेही. शर्टाच्या पाठीवर बी आणि ई ही अक्षरं उलटी उमटली होती. पाटीवरची लांबी शर्टानं टिपून घेतली होती आणि घासल्यामुळे तो एकच शब्द बाकीच्या वाक्यापेक्षा लखलखत होता. सेक्रेटरी तसेच बाजारातून फिरून घरी गेले. लोक मागे वळून बघतात ते कारखान्याच्या दबदब्यामुळे, असं त्यांना वाटलं.

रविवारी सकाळी जावईबापूंकडे एकच उपाय उरला. ते सगळ्यांच्या आधी बागेत गेले आणि पाटीला पाठ लावून बाकावर बसले.

लोक जमले. सर आले, लेकीचा हात धरून, इस्त्रीचा कोट घालून. सेक्रेटरी वाकून हळूच म्हणाले, "जावईबापू, उठा. सरांना बसायचंय."

"सर बसू देत की. जागा आहे."

"पाटी दाखवायची आहे."

"मला उठवत नाही," जावईबापू म्हणाले. "कंबर धरलीय."

बायकोनं त्यांच्याकडे असं पाहिलं की खरीच कंबर धरावी. पण ते हलले नाहीत. सर त्यांच्या शेजारी बसले. दोन भाषणं झाली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले, आणि प्रत्येक फोटोत सत्कारमूर्तीपेक्षा बाकाच्या मधोमध ताठ बसलेले जावईबापूच मोठे दिसत होते. सासऱ्याच्या बाकावर जावई ठाण मांडून बसला, अशी कुजबूज त्यांच्या कानांवर येत होती. इतकी वर्षं त्यांनी कॉलनीत कधी कुणाची खुर्चीसुद्धा घेतली नव्हती. सेक्रेटरी म्हणाले, "आता मी पाटीवरचं वाक्य मोठ्यानं वाचतो," तेव्हा जावईबापूंनी डोळे मिटले आणि डोळ्यांपुढे अंधारी येत असल्याचं जाहीर केलं. गडबड उडाली. कुणी तरी पाणी आणलं. काकू म्हणाल्या, उपाशीपोटी आले असतील, चला, सगळ्यांनीच चहा घेऊ. मंडळी चहाकडे वळली.

"तुम्ही व्हा पुढे," सर लेकीला म्हणाले. "मी यांच्यापाशी बसतो."

बाग रिकामी झाली. सर म्हणाले, "आता पुढे सरका, जावईबापू. मी वाचलंय ते."

जावईबापू पुढे सरकले. "कधी?"

"परवा. सकाळी." सर थांबले. "मला एकच सांगा. तुमच्या लक्षात कधी आलं?"

"काय, सर?"

"हेच. माझं." सरांनी अंगठ्यानं पाठीमागे पाटी दाखवली. "मी समजत होतो, कुणाला पत्ता नाही. मी फार जपून होतो. विद्यार्थी रस्त्यात भेटला की नाव आठवत नाही, म्हणून नुसता हसतो. लोकांना वाटतं, म्हातारा प्रेमळ झाला. कुणी चुकीचं बोललं तरी बोलत नाही, कारण चूक त्याची की माझी याची खात्री वाटत नाही. एवढं सगळं लपवलं, आणि तुम्ही एका शब्दात पकडलंत. नेमका शब्द. तीस वर्षांत तुम्ही लिहिलेलं हे पहिलं इंग्रजी वाक्य, ज्यात मला काही खोडायला नाही."

हे ऐकायला जावईबापूंनी लग्नापासून वाट पाहिली होती. मान खाली घालून गप्प बसलं असतं तर ती शाबासकी जन्मभर त्यांची झाली असती. ते समोर पाहत राहिले. वारा नव्हता, झाडही हलत नव्हतं.

"सर, मला काहीच कळलं नव्हतं," ते म्हणाले. "मला वाटलं, बिम्यूज्ड म्हणजे गालातल्या गालात हसणारा."

सरांनी चष्मा काढला. पूर्वी चष्मा निघाला की पुढे काय येतं ते जावईबापूंना माहीत होतं. पण सर हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"या चुकीसाठी मी पोरांना बाकावर उभं करत होतो," ते म्हणाले. "तुम्ही तर मलाच बाकावर आणून बसवलंत."

"मी पाटी बदलून घेतो, सर. समिती बसली की."

"राहू द्या." सरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "आणि हिला यातलं काही बोलू नका."

"मी नाही बोलणार," जावईबापू म्हणाले. "पण तुम्ही बोला, सर. ती तुमच्यासाठी रोज खिडकीत उभी असते."

उठताना सरांनी आधार मागितल्यासारखा हात पुढे केला, आणि रस्ता ओलांडून होईपर्यंत सोडला नाही.

दुपारी जेवणं झाली. पडद्यातून पिवळसर उजेड येत होता, भांडी अजून टेबलावरच होती आणि कुणालाच उठावंसं वाटत नव्हतं. बायको नवऱ्यावर सकाळपासून रागावलेली होती. त्याला सोडून तिनं वडिलांना विचारलं, "बाबा, पाटी वाचली मी येताना. तो शेवटचा शब्द नाही कळला. काय अर्थ त्याचा?"

"यांना विचार," सर म्हणाले. "लिहिणाऱ्यानं सांगावा."

जावईबापूंनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली, वर्गात पोराला ‘बोल, घाबरू नकोस’ म्हणताना हलवत असतील तशी.

"म्हणजे असं," जावईबापू सावकाश म्हणाले, "माणूस आपल्या ओळखीच्या वाटेनं जात असतो. आणि मध्येच ती वाट ओळख देईनाशी होते. भीती वाटते असं नाही, पण… पाय थांबतात. समोरचं सगळं दिसतं, फक्त ते एकमेकांना जोडता येत नाही. मग तो उगाच हसतो थोडासा."

बायको ऐकत होती. तिचा राग कुठे गेला ते तिलाही कळलं नाही. तिनं हळूच वडिलांकडे मान वळवली.

"बरोबर," सर म्हणाले. "अर्थ बरोबर सांगितलात. आता वाक्यात उपयोग करा."

जावईबापूंना ते जमेना.

"बरं, मी करतो," सर म्हणाले. त्यांनी पाण्याचा पेला सरळ केला, पाठ ताठ केली आणि लेकीकडे पाहून, एकेक शब्द स्वच्छ उच्चारत, वाक्य केलं. "परवा सकाळी मी पेपर आणायला निघालो, आणि कोपऱ्यावर असा बिम्यूज्ड झालो की मला आपलं घर सापडेना."

लेकीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. मग तिनं विचारलं, "मग काय केलंत, बाबा?"

"काय करणार?" सर म्हणाले. "बागेत शिरलो. एका बाकावर लिहिलं होतं की आमचे सर इथे बसतात. म्हटलं, मग आपल्याला इथेच बसायचं असणार."